न मोडणारं काही

बेंगळुरूच्या लालबागेत केंपेगौडाच्या बुरुजाखाली जो उघडा खडक पसरला आहे, त्यावर बसायचं. चप्पल काढून, तळपाय आणि तळहात दगडाला टेकवून. घाई करायची नाही. सोबत एकच प्रश्न घ्यायचा, आणि तो लहान मुलं विचारतात तसा सरळ आहे: कधीच मोडणार नाही, असं काही असतं का? कुणाला तसं काही घडवता येईल का?

आधी खडक नीट पाहून घेऊ. सह्याद्रीच्या काळ्या कातळात वाढलेल्या डोळ्यांना हा दगड परका वाटतो. आपला कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. इथला दगड करडा आहे. त्यात फिकट गुलाबी आणि काळपट पट्टे आहेत, कुठे सरळ गेलेले, कुठे दुमडून मागे फिरलेले. याला नाइस म्हणतात. मैसूर संस्थानाच्या भूगर्भ खात्यातल्या डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये या खडकाला ‘पेनिन्सुलर नाइस’ हे नाव दिलं, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लालबागेतला हा उंचवटा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवला. वय सुमारे ३०० कोटी वर्षं. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे या गावात आले, हे आपल्याला फार जुनं वाटतं. प्राण्यांच्या अंगात पहिल्यांदा कवचं आणि सांगाडे तयार झाले, त्याच्या आधी २४० कोटी वर्षं हा खडक होता.

तळहाताखाली जे आहे ते इतकं टिकलं आहे. अविनाशी म्हणावं असं काही असेल, तर ते हेच, असं मन म्हणू लागतं. म्हणू द्या. थोडा वेळ तसंच राहू द्या.

मग हे वय कसं कळलं, ते विचारा. अशा खडकांत झिर्कॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक तयार होताना त्यात थोडं युरेनियम अडकतं. युरेनियमचे अणू फुटत फुटत शेवटी शिसं होतात. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं, ते मोजून वय काढतात. फुटणारा प्रत्येक अणू आजूबाजूच्या स्फटिकाची थोडी थोडी मोडतोड करत असतो. म्हणजे या खडकाचं ३०० कोटी वर्षं टिकणं आपल्याला मोजता येतं, ते त्याच्या आत काहीतरी सतत मोडत आलं म्हणून. पूर्ण अविनाशी खडकात घड्याळच नसतं. तो कालचा की कायमचा, हे सांगायला काही मार्ग उरला नसता.

आता तळहाताची जागा बदला. ऊन तापू लागलं असेल तर दगडाचा वरचा भाग गरम लागेल. या साध्या गोष्टीवर बेंगळुरूच्या पाथरवटांनी एक विद्या उभी केली होती, आणि या प्रश्नाबद्दल मला सर्वात जास्त तिनेच शिकवलं.

जुन्या बेंगळुरूत फिरलात तर चप्पडी दिसते. दगडाच्या लांबरुंद फरश्या. कुठे गटारावर झाकण म्हणून, कुठे घराचं छप्पर म्हणून, कुठे शेताच्या कडेला उभ्या पुरून कुंपण म्हणून. या फरश्या एके काळी नुसत्या लाकडाच्या जाळाने काढत. १८९५ मध्ये एच. वॉर्थ यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचं बारकाईने वर्णन केलं. सपाट खडकावर सुमारे सात फूट लांबीची जाळाची एक ओळ लावायची. हलक्या सुक्या लाकडाचे ओंडके जागच्या जागी जळू द्यायचे आणि समोरच्या दगडावर हातोडीने ठोकत राहायचं. आवाज बदलला, बद्द झाला, की समजायचं की खालच्या दगडापासून वरचा थर सुटला. मग जाळ काही इंच पुढे सरकवायचा. पुन्हा ठोकायचं, पुन्हा ऐकायचं. ओळ हळूहळू लांबत २५ फुटांच्या कमानीपर्यंत जायची. आठ तासांत ७४० चौरस फुटांचा, सरासरी पाच इंच जाडीचा एकसंध थर मोकळा व्हायचा. हिशोब असा निघाला की १ किलो लाकडाला ३० किलो दगड.

या आठ तासांवर थांबू. सुरुंग नाही, पहारीचे घाव नाहीत. मूठभर माणसं, पाऊण टन जळण आणि एक सावध कान. साधारण २३ टन दगड, ज्याला समुद्र, हिमयुगं, खंडांची ये-जा यांनी हात लावला नव्हता, तो संध्याकाळपर्यंत उचलून ठेवण्यासारखा होतो.

हे कसं घडतं? जाळाने वरचा थर तापतो, फुगू पाहतो. खालचा गार आहे, तो फुगू देत नाही. दोघांच्या मध्ये ताण साठतो आणि त्या ताणात एक भेग चालू लागते. पाथरवट दगड तोडत नव्हता; दगडाचं स्वतःचं फुगणं तो वापरत होता, आणि भेग कुठवर पोचली ते कानाने पाहत होता. त्या लोकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पदार्थाच्या मोडण्याचं इतकं नेमकं ज्ञान त्यांच्या हातात होतं आणि आपण मात्र त्याची सुरुवात पाश्चात्त्य प्रयोगशाळेत झाली असं शिकवतो, याचं मला वाईट वाटतं.

त्या प्रयोगशाळेतली गोष्टही मोलाचीच आहे. इंग्लंडमध्ये विमानांच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२०च्या सुमारास काचेचे तंतू ताणून तोडले. अणूंमधले बंध मोजले तर काच कितीतरी पट मजबूत असायला हवी. प्रत्यक्षात ती फार कमी ताणाला तुटते. तंतू जितका बारीक ओढावा, तितका तो त्या अपेक्षित ताकदीच्या जवळ जातो. ग्रिफिथ यांनी कारण दाखवलं: प्रत्येक वस्तूत आधीच सूक्ष्म चिरा असतात, आणि सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. दुकानदार कापड फाडण्याआधी काठाला कात्रीने एक लहान काप देतो, पुढचं काम कापड स्वतः करतं, तसंच हे. वस्तू तिच्या सरासरी ताकदीवर उभी नसते. तिच्यातल्या सर्वात मोठ्या चिरेच्या मर्जीवर उभी असते.

मग मन लगेच एक पळवाट काढतं. एकही चीर नसलेला पदार्थ बनवला तर?

ती वाट चालून पाहू. स्फटिकाचे केसासारखे अगदी बारीक तंतू जवळजवळ निर्दोष वाढवता येतात, आणि ते खरोखरच बंधांच्या हिशोबाइतके मजबूत निघतात. कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा, ग्राफीन, २००८ मध्ये ताणून पाहिला, तेव्हा तोही तसाच निघाला. चीर नाही, दोष नाही. पण ग्राफीन जळतं. कारण बंध राहतोच, आणि बंधाची किंमत ठरलेली असते. दोन अणू जवळ येऊन जुळतात तेव्हा ते काही ऊर्जा बाहेर टाकतात, म्हणूनच जुळलेले राहतात. तेवढीच ऊर्जा परत आणून दिली की सुटतात. जेवढं देऊन जुळले, तेवढं घेऊन मोकळे. त्याहून एक कणही जास्त लागत नाही. रसायनाच्या जगातली ही किंमत फार मोठीही नाही. ज्योतीतून, आम्लातून, अतिनील किरणांतून ती रोज कुठे ना कुठे चुकती होत असते.

हे एकदा सावकाश मनात फिरवा. एखादा पदार्थ घडला, याचा अर्थ त्याचे अणू एकत्र यायला वाट होती. ती वाट एकाच दिशेने उघडी आणि दुसऱ्या दिशेने कायमची बंद, असं निसर्गात होत नाही. परतीचा चढ उंच असेल, फार उंच असेल. पण चढ म्हणजे भिंत नव्हे. ज्याला खरोखर कधीच मोडता येणार नाही, असा पदार्थ घडवण्याचीही सोय नसते.

हिरा घ्या. बेंगळुरूत हिऱ्यावर जीव लावलेला एक मोठा माणूस होऊन गेला. चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून या शहरात आले, १९४८ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि १९७० पर्यंत इथेच राहिले. हिरे जमवणं, त्यांवर प्रकाश टाकून त्यांतल्या अणूंची थरथर वाचणं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ‘थरथर’ हा शब्द इथे महत्त्वाचा. सर्वात कठीण पदार्थाचे अणूही स्वस्थ नसतात. खोलीच्या साध्या उष्णतेत ते अखंड हलत असतात. हिरा पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली घडतो. वर आल्यावर तो त्याच्या घरचा राहत नाही. इथल्या दाबाला कार्बनचं स्थिर रूप पेन्सिलीतलं ग्राफाइट आहे. अंगठीतला हिरा ग्राफाइट होत नाही, तो फक्त उशीर म्हणून. त्या उशिरापुढे विश्वाचं वयही तोकडं पडतं. आणि लव्हाझिए यांनी १७७२ मध्ये पॅरिसमध्ये मोठ्या भिंगाने उन्हात हिरा जाळून दाखवला, तेव्हा तो उशीरही संपला.

सोन्याचंही फार वेगळं नाही. ते गंजत नाही, आगीत जळत नाही. पण कोलारच्या खाणींत दळलेल्या दगडातून ते वेगळं काढायला सायनाइडचं पातळ द्रावण वापरत, आणि त्यात सोनं मिठासारखं विरघळून जाई. विरघळलं नसतं तर हाती लागलं नसतं.

आता पुन्हा खालचा खडक. त्याच्या कडेला जिथे माती सुरू होते तिथे नजर न्या. ती लाल माती बाहेरून आणून टाकलेली नाही. या प्रदेशातली बहुतेक माती अशाच खडकाची झालेली आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या आत शिरतं, त्यातलं पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम सोडवून नेतं, मागे चिकणमाती राहते. क्वार्ट्झ तेवढा हट्टी, तो वाळू होऊन उरतो. लोह गंजतं, म्हणून रंग लाल. लालबागेतलं प्रत्येक झाड या मोडतोडीवर उभं आहे.

या मातीत, बेंगळुरूच्या भोवती आणि पूर्वेला कोलारपर्यंत, नाचणी पिकते. इथे तिला रागी म्हणतात. दुपारच्या ताटात तिचा गोळा, म्हणजे मुद्दे, असतो, आपल्याकडे भाकरी असते. धान्यांमध्ये कॅल्शियमने नाचणीइतकं भरलेलं दुसरं नाही. ते कॅल्शियम कुठून आलं, हे आता तुम्हीच मागे मागे जाऊन शोधा. धान्यातून कणसाकडे, मुळाकडे, मातीकडे, फेल्डस्पारकडे. ज्या हाडांच्या आधारावर तुम्ही या खडकावर ताठ बसला आहात, त्यांच्यासारख्या कित्येक हाडांत हा खडक गेला आहे. तो मोडला म्हणून. इथे वेळ लागला तरी चालेल, कारण या प्रश्नातली भीती इथे सैल होते. अविनाशी खडकाच्या पृथ्वीवर माती नसती. कुणाला त्याच्यातून काही घेता आलं नसतं, आणि आपलं काही त्याला देताही आलं नसतं.

पण प्रश्न अजून संपत नाही. खडक मोडला तरी कॅल्शियमचा अणू तोच राहिला ना? दगडात होता, दाण्यात आला, हाडात बसला, उद्या पुन्हा मातीत जाईल. मग अविनाशी तो आहे का?

आपल्या परंपरेत हा विचार फार पूर्वी झालेला आहे. कणादांच्या वैशेषिक दर्शनात म्हटलं आहे की अवयव जोडून झालेली वस्तू अनित्य असते, कारण अवयव सुटतात. ज्याला अवयवच नाहीत, तो परमाणू नित्य. युक्तिवाद निखळ आहे. अडचण एवढीच की आपण ज्याला अणू म्हणू लागलो त्याला अवयव निघाले. त्याच्या केंद्रालाही निघाले: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. सुटा न्यूट्रॉन साधारण पंधरा मिनिटांत मोडतो. कॅल्शियमच्या केंद्रात तोच न्यूट्रॉन सोबतीने टिकून राहतो. शेवटी राहिला प्रोटॉन. एकटा ठेवला तरी मोडताना कुणी पाहिलेला नाही. त्यालाही आत क्वार्क आहेत, पण तो ज्यात विघटित व्हावा असं त्याच्याहून हलकं, त्याच जातीचं दुसरं काही नाही.

‘जगात खरंच काही अविनाशी आहे का’ हा प्रश्न प्रयोग म्हणून विचारला गेला, तो इथून सुमारे १०० किलोमीटरवर, कोलार गोल्ड फील्ड्समध्ये. लालबागेतला नाइस शिस्ट नावाच्या गडद खडकाच्या ज्या पट्ट्याला वेढून आहे, त्या पट्ट्यात ही खाण. टाटा मूलभूत संशोधन संस्था आज मुंबईत कुलाब्याला आहे, पण १९४५ मध्ये तिचा आरंभ बेंगळुरूत, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात झाला. होमी भाभांच्या सांगण्यावरून बी. व्ही. श्रीकांतन १९५१ मध्ये विश्वकिरण मोजायला कोलारच्या खाणीत उतरले. १९६५ मध्ये तिथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनो नावाच्या कणांच्या खुणा सापडल्या. मग १९७३-७४ मध्ये ओडिशाचे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी, पाठोपाठ जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी असं मांडलं की प्रोटॉनही कधीतरी मोडत असावा. आयुष्याचा अंदाज निघाला एकावर सुमारे ३१ शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. त्यात फक्त दहा शून्यं मावतात.

इतकी वर्षं थांबणार कोण? त्याला उत्तर साधं होतं. एका प्रोटॉनकडे अनंतकाळ पाहण्यापेक्षा अगणित प्रोटॉनांकडे काही वर्षं पाहायचं. १९८० मध्ये २.३ किलोमीटर खोलीवर १४० टनांची यंत्रणा उभी राहिली. लोखंडी पत्रे आणि त्यांच्या मध्ये गणक-नळ्यांचे ३४ थर. टाटा संस्थेबरोबर जपानचे शास्त्रज्ञ होते. वरचा दोन किलोमीटर दगड आकाशातून येणाऱ्या कणांचा गलबला अडवायचा. तरी न्यूट्रिनो शिरायचे, आणि ते प्रोटॉनच्या मृत्यूची नक्कल करू शकत. त्याआधीच्या शंभर वर्षांत माणसं त्या खाणीत सोन्यासाठी उतरत आली होती, तिथल्या खडकांच्या स्फोटांत जीवही गमावत होती. आता त्याच बोगद्यांत काही माणसं लोखंडाजवळ बसून एखादा कण नाहीसा होतो का, ते पाहत होती. मला या चित्राचा फार आदर वाटतो.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांना अशा काही खुणा दिसल्या की त्या प्रोटॉनच्या मोडण्याच्या असू शकतील, आणि त्यांनी तसं जाहीर केलं. पुढे अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीत आणि जपानमध्ये कामिओका इथे हजारो टन पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या, आणि त्यांना तसं काही दिसलं नाही. पहिला, सर्वात साधा अंदाज मागे पडला. कोलारचे प्रयोग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले, २००१ मध्ये खाणही बंद झाली. आज जपानच्या सुपर-कामिओकांडेने प्रोटॉनच्या आयुष्याची किमान मर्यादा, तो मोडण्याच्या एका प्रमुख वाटेपुरती, एकावर ३४ शून्यं इतक्या वर्षांच्या पुढे नेली आहे. म्हणजे तुमच्या शरीरातल्या सगळ्या प्रोटॉनांपैकी एकसुद्धा, शंभर वर्षांच्या आयुष्यात, त्या वाटेने जाण्याची शक्यता फार तर दहा हजारांत एक.

तर मग सापडलं का न मोडणारं? इथे उठायची घाई करू नका. शेवटचा विचार सर्वात अवघड आहे. १९६७ मध्ये आंद्रेई सखारोव यांनी विचारलं होतं की विश्वाच्या आरंभी पदार्थ आणि प्रतिपदार्थ सारख्याच प्रमाणात निर्माण झाले असतील, तर दोघांनी एकमेकांना पुसून टाकायला हवं होतं. मग हे सगळं उरलं कसं? अब्जावधी जोड्या नाहीशा झाल्या आणि प्रत्येक अब्जामागे साधारण एक कण शिल्लक राहिला. त्या शिलकीचा हा खडक, ही नाचणी, आपण. ती शिल्लक पडायची तर निसर्गाच्या नियमांत प्रोटॉनांच्या कुळाची संख्या बदलायला कुठेतरी मुभा असायला हवी. आणि ती मुभा असेल, तर बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना वाटतं की परतीची वाटही असेल, कितीही उंच चढाची. लाकडाच्या जाळाने चप्पडी सुटते, तेव्हा जो न्याय चालतो, तोच इथेही चालत असावा.

अजून कुणी तसा प्रोटॉन पाहिलेला नाही. जपानमध्ये डोंगराच्या पोटात हायपर-कामिओकांडेची नवी टाकी बांधली जात आहे, तिच्यात अडीच लाख टनांहून अधिक पाणी मावेल. त्या पाण्यात एक प्रोटॉन गेला तरी पुरे. तसं झालं तर वर्तमानपत्रं लिहितील की जग शेवटी नाशवंतच निघालं. मला मात्र तो दिवस आनंदाचा वाटेल, कारण मुळात काही उरलं कसं, याचा पहिला पुरावा त्या दिवशी हाती आलेला असेल.